‘पाच पेजेस टाकून देतो, अप्रूव्हल पक्कं’ म्हणणाऱ्यांपासून सांभाळून राहा

ज्यांची स्वतःची छोटीशी साइट आहे, रेसिपीची असो, शेतीची असो नाहीतर गडकिल्ल्यांची, त्यांनी हे पूर्ण वाचा. ज्यांच्या घरात कुणी साइट काढायच्या विचारात आहे त्यांनी त्याला पाठवा, कारण पैसे घेऊन साइटला गुगलच्या जाहिरातींचं अप्रूव्हल मिळवून देतो म्हणायचा हा प्रकार मराठी साइटवाल्यांच्या ग्रुप्समध्ये फिरतोय आणि पैसे तर जातातच पण त्याहून वाईट म्हणजे आपल्या नावावर दुसऱ्याच लोकांना फसवलं जातं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

माझी आणि माझ्या आत्याची मिळून रानभाज्यांची साइट आहे. आत्या मुरबाडकडची, शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी ती लांबून बघून ओळखते, ती सांगते आणि मी फोटो काढून लिहिते. होस्टिंगचा वर्षाचा खर्च तरी सुटावा म्हणून गुगलच्या अॅडसेन्सच्या जाहिराती लावायच्या ठरवल्या. मराठी साइट्सना अॅडसेन्स 2018 पासून मिळतं, त्यामुळे अर्ज केला, तर उत्तर आलं की मजकूर कमी मूल्याचा आहे, सुधारून परत अर्ज करा. तेव्हा साइटवर मोजकेच लेख होते, त्यामुळे कारण उघड होतं. मी एका फेसबुक ग्रुपवर याबद्दल विचारलं आणि थोड्याच वेळात इनबॉक्समध्ये एकाचा मेसेज आला.

"ताई, तुमच्या साइटवर कम्पल्सरी पाच पेजेस नाहीत म्हणून रिजेक्ट झालंय. अबाउट अस, कॉन्टॅक्ट अस, प्रायव्हसी पॉलिसी, डिस्क्लेमर आणि टर्म्स अँड कंडिशन्स. मी टाकून देतो, साडेचार हजार, अप्रूव्हल नाही आलं तर फुल रिफंड."

बोलणं एकदम आदबशीर, मराठीतून, प्रोफाइलवर गणपतीचा फोटो, आणि अप्रूव्हल मिळालेल्या पन्नासेक साइट्सचे स्क्रीनशॉट. त्याच्या सांगण्यात थोडं खरंही होतं आणि तिथंच ही माणसं पकडतात. अॅडसेन्सच्या नियमात प्रायव्हसी पॉलिसी खरोखर लागते, साइटवर कुकीज (वाचकाच्या ब्राउझरमध्ये साठवल्या जाणाऱ्या छोट्या नोंदी) वापरल्या जातात आणि गुगलसारख्या कंपन्या त्यावरून जाहिराती दाखवतात हे वाचकाला सांगावंच लागतं. बाकीची पेजेस असणं चांगलंच, वाचकाचा विश्वास बसतो, पण ती टाकली की अप्रूव्हल येतं असं कुठंही लिहिलेलं नाही. अर्जाला पैसे पडत नाहीत आणि गुगल कुठल्याही एजंटला अप्रूव्हल विकायला देत नाही, त्यामुळे "पक्कं" हा शब्द ज्याच्या तोंडून आला त्याच्याकडे असं काही नाहीच जे तो विकू शकेल.

पैसे यूपीआयवरून गेले, त्यानं वर्डप्रेसचं, म्हणजे आमची साइट ज्यावर चालते त्या सॉफ्टवेअरचं, अॅडमिन (सगळे अधिकार असलेलं लॉगिन) मागितलं, "पेजेस टाकायची तर अॅडमिनच लागतं मॅडम" म्हणाला (खरं तर पेज लिहायला एडिटर एवढा अधिकार पुरतो), आणि त्याच संध्याकाळी पाचही पेजेस दिसायला लागली, खाली फूटरमध्ये ओळीनं लिंका, दिसायला एकदम प्रोफेशनल. नंतर "अभिनंदन ताई, अप्रूव्हल आलं" असा मेसेज आला आणि खरंच साइटवर जाहिराती सुरू झाल्या. पैशांचं विचारलं की स्क्रीनशॉट पाठवायचा आणि म्हणायचा, शंभर डॉलर झाल्याशिवाय गुगल पैसे सोडत नाही. तेही खरंच आहे, त्यामुळे थांबलो.

हे फुटलं ते एका फोनमुळे. पालघर जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेनं आत्याचा नंबर गावातल्या ओळखीतून शोधून काढला आणि अगदी दुखावलेल्या आवाजात विचारलं, "मावशी, मुलांच्या प्रदर्शनासाठी फोटो मागितले होते, तुम्ही दोन हजार मागितले ते मी पदरचे भरले, आता उत्तरही देत नाही, असं का करता?" आत्या गडबडून गेली. तिनं आयुष्यात कुणाकडून रानभाजीच्या माहितीचे पैसे घेतलेले नाहीत, उलट आलेल्या माणसाच्या पिशवीत मूठभर भाजी टाकूनच पाठवते. तिला रात्रभर झोप नाही लागली, सारखं म्हणत होती त्या बाईला वाटलं असेल आपण पैसेखाऊ आहोत. मला पैशांपेक्षा हे जास्त लागलं आणि अजूनही लागतंय.

मग मी आणि माझा मावसभाऊ, तो आयटीत आहे, असे दोघं साइट उघडून बसलो. पहिलं बघितलं कॉन्टॅक्ट पेज. त्यावरच्या फॉर्मच्या सेटिंगमध्ये मेसेज कुठल्या मेलवर जावा ते लिहिलेलं असतं, तिथं आमच्या साइटच्याच नावाचा जीमेल होता, फक्त मधे एक ए जास्त. म्हणजे वाचक जे जे लिहीत होते ते सगळं त्याच्याकडे जात होतं आणि तो आमच्या नावानं उत्तरं देत होता. फोटोचे हक्क, मसाल्याची ऑर्डर, वर्कशॉपचं अॅडव्हान्स, काय काय मागितलं असेल देव जाणे, कारण ते मेल आमच्यापर्यंत आलेच नाहीत. फॉर्म भरला की "धन्यवाद, लवकरच संपर्क करू" असं येतं, त्यामुळे वाचकालाही संशय यायचं कारण नाही.

दुसरं, जाहिराती. ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन अॅड्स डॉट टीएक्सटी लिहिलं की एक साधी फाइल उघडते, त्या साइटवर जाहिराती विकायचा अधिकार कुणाकुणाला आहे ते त्यात असतं. अॅडसेन्सची ओळ असेल तर गुगल डॉट कॉम, मग पब आणि डॅश आणि पुढे सोळा आकडी नंबर, मग डायरेक्ट असा शब्द. तो नंबर म्हणजे ज्याच्या खात्यात पैसे जाणार त्याची ओळख. आमच्या फाइलमधला नंबर आमच्या खात्याचा नव्हताच. त्यानं आमची साइट स्वतःच्या अॅडसेन्स खात्यात जोडून अप्रूव्हल घेतलं होतं, म्हणजे अप्रूव्हल आलं हे शंभर टक्के खरं पण ते त्याला आलं. एक खूण सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. खात्यात दहा डॉलर झाले की गुगल पत्ता तपासायला पिन पाठवतं, कागदी पत्र, पोस्टानं, घरच्या पत्त्यावर. एजंट शंभर डॉलरच्या गोष्टी करतोय, कमाईचे स्क्रीनशॉट पाठवतोय आणि तुमच्या दारात ते पत्र कधी आलंच नाही, तर ते खातं कुणाचं आहे हे आधी विचारा.

तिसरं डिस्क्लेमर पेज, आणि हे वाचून मला खरोखर संताप आला. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं की आम्ही परवानाधारक गुंतवणूक सल्लागार नाही, शेअर बाजारातल्या नुकसानीला जबाबदार नाही. रानभाज्यांच्या साइटवर! प्रायव्हसी पॉलिसीत कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांचे हक्क होते आणि एका परिच्छेदात तर दुसऱ्याच कुठल्यातरी साइटचं नाव बदलायचं राहून गेलं होतं. त्यातलं एक वाक्य अवतरणचिन्हात टाकून गुगल केलं तर तीच पेजेस पानामागून पान, ढीगभर साइट्सवर, त्यात मराठी साइट्सही बऱ्याच. डिस्क्लेमरच्या पेजवर कंट्रोल ए दाबलं तर तळाला पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात लिंका उजळल्या, सगळ्या सट्ट्याच्या साइट्सच्या. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेनं 2025 मध्ये कायदा केलाय, त्यात त्यांच्या जाहिरातीलाही बंदी आहे, आणि इथं त्या लिंका आत्याच्या नावाच्या साइटवर लटकत होत्या.

आता मला जे कळकळीनं सांगायचंय ते हे की ही पेजेस म्हणजे आपण वाचकाला दिलेला शब्द असतो, मी कोण, माझ्याशी कसं बोलायचं, तुमच्या माहितीचं मी काय करते, माझ्या लिहिण्यावर कुठवर विसंबायचं. तो शब्द दुसऱ्याकडून साडेचार हजाराला विकत आणता येत नाही, आणि आणायची गरजही नाही कारण हे लिहायला कुणालाही जमतं. ब्लॉगरवर पेजेस म्हणून वेगळा पर्याय फुकट आहे, वर्डप्रेसमध्ये तर मे 2018 पासून, म्हणजे युरोपचा डेटाचा कायदा लागू झाला तेव्हापासून, सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी नावाच्या भागात पॉलिसीचा कच्चा मसुदाच तयार मिळतो, आपल्याला लागू नाही ते काढायचं आणि आपलं आहे ते घालायचं.

आमचं डिस्क्लेमर आता आत्यानं सांगून लिहिलंय. शेवळं काकडाच्या आंबट फळांबरोबर किंवा दुसरं काही आंबट घालून नीट शिजवली नाहीत तर घसा भयंकर खाजतो, त्यामुळे पहिल्यांदा करणाऱ्यानं माहितगार माणसाला विचारल्याशिवाय करू नये. फोटो बघून रानातली कुठलीही भाजी तोडून आणू नये, सारख्या दिसणाऱ्या वनस्पती असतात आणि त्यातल्या काही विषारी असू शकतात. अमुक भाजीनं मधुमेह बरा होतो असं आम्ही लिहीत नाही. हे शेवटचं मुद्दाम घातलं, कारण खूप जणांना वाटतं की खाली डिस्क्लेमर टाकला की वर काहीही दावे करायला आपण मोकळे, तसं नाहीये, मधुमेहासारख्या आजारांवर औषध म्हणून जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं मनाई आहे. आता मला सांगा, हे कुठल्या एजंटच्या तयार पेजमध्ये मिळणार होतं? आणि रानभाज्यांच्या वाचकाला नेमकं हेच हवं असतं, नाहीतर एखादा घसा सुजवून घ्यायचा.

प्रायव्हसी पॉलिसी मराठीतच लिहिली. काही जण म्हणतात इंग्रजीच लागते, पण आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही माहिती घेताना द्यायची नोटीस इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायला सांगितलाय, आणि मराठी त्या परिशिष्टात आहेच. फॉर्ममध्ये आम्ही नाव आणि मेल घेतो, कशाला घेतो, किती दिवस ठेवतो, काढून टाकायचं असेल तर कुणाला सांगायचं, जाहिरातीच्या कुकीज काय करतात, एवढंच साध्या वाक्यात. कॉन्टॅक्टवर घरचा पत्ता नाही टाकला, बायकांनी तो टाकूही नये असं माझं मत आहे, पण मेल आयडी उघडा लिहिलाय आणि खाली ठळक ओळ घातलीय की आम्ही कुणाकडूनही मेलवर पैसे मागत नाही. टर्म्सचं पेज आम्ही चार ओळींचं ठेवलंय, आमच्यासारख्या साइटला त्याहून जास्त लागत नाही.

ज्यांनी असं पॅकेज घेतलंय त्यांनी नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. वर्डप्रेसच्या युजर्समध्ये जाऊन बघा, आमच्याकडे त्यानं सपोर्ट नावाचा दुसरा अॅडमिन करून ठेवला होता, पासवर्ड बदलल्यावरही तो त्यातून आत येऊ शकला असता. सर्च कन्सोलच्या, म्हणजे आपली साइट गुगल सर्चमध्ये कशी दिसते ते मालकाला दाखवणाऱ्या गुगलच्या टूलच्या, सेटिंग्जमध्ये मालकांची यादी असते, तिथं अनोळखी मेल असेल तर तो काढा आणि त्यानं मालकी सिद्ध करायला साइटवर टाकलेली फाइल किंवा कोडही काढा, नाहीतर तो परत मालक होऊन बसतो. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्याच्या हातून घेतलं असेल तर ते कुणाच्या खात्यात आहे ते आजच तपासा आणि तो पैसे वाढवून मागायच्या आत स्वतःच्या खात्यावर घ्या. आमचं डोमेन सुदैवानं आमच्याच खात्यावर होतं, नाहीतर साइटच गेली असती. आणि दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवरून स्वतःचाच कॉन्टॅक्ट फॉर्म भरून बघा, मेसेज तुमच्याकडे येतो का, हे तर पॅकेज न घेतलेल्यांनीही करा.

काही पुसायच्या आधी मात्र सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, फॉर्मच्या सेटिंगमधला मेल, ती सोळा आकडी ओळ, लपवलेल्या लिंका, चॅट, आणि यूपीआय पेमेंटचा यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख नंबर. आम्ही 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, बँकेलाही कळवलं. शिक्षिकाबाईंनाही त्यांच्या दोन हजारांची वेगळी तक्रार करायला लावली कारण तो व्यवहार त्यांच्या खात्यातून झालाय आणि यूटीआर त्यांच्याकडे आहे. 1930 वर जितक्या लवकर कळवाल तितके पैसे पुढे जायच्या आत अडवले जायची शक्यता जास्त, आमच्या बाबतीत मधे बराच काळ गेला होता त्यामुळे पैसे अजून मिळालेले नाहीत. त्या माणसानं नंबर बंद केलाय आणि ग्रुपवर आता वेगळ्या नावानं तसलाच मेसेज फिरतोय, तीच पाच पेजेस, तेच "पक्कं", फक्त रेट वाढवून साडेपाच हजार केलाय. तुमच्या इनबॉक्समध्ये आला तर ग्रुपच्या अॅडमिनला लगेच दाखवा, आणि आमच्या साइटवरून कुणाला कधी पैशांचा मेल आला असेल तर कृपया मला कळवा, तुमचाही पुरावा तक्रारीला जोडता येईल.