आईचं बक्षीसपत्र केलं त्या वकील मॅडमचं ऑफिस (४ स्टार)
आधी एक स्टार का कापला ते सांगते. कोर्टाच्या बाजूला एवढ्या पाट्या आहेत की ऑफिस सापडतच नाही, जिना अरुंद, वर दोन खुर्च्या आणि एक फॅन, आणि आम्ही गेलो मे महिन्यात, सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, आई चौऱ्याहत्तरची.

काम मात्र एक नंबर. भवानी पेठेतलं घर आईच्या नावावर, ते बक्षीसपत्रानं, म्हणजे पैसे न घेता दान म्हणून, धाकट्या भावाला द्यायचं होतं. एका टायपिंगवाल्याकडून मसुदा करून नेला होता, त्यात "मला वाटेल तेव्हा हे बक्षीसपत्र रद्द करेन" अशी ओळ, आणि आईला नेमकी तीच लई आवडलेली. मॅडमनी वाचलं आणि सरळ काट मारली. म्हणल्या आजी, नुसत्या तुमच्या मर्जीवर परत घ्यायचं लिहिलं तर ते दानच टिकत नाही, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२६. कायद्यातच उदाहरण आहे म्हणे, लाख रुपये दिले आणि त्यातले १० हजार मनात येईल तेव्हा परत घेईन म्हणलं, तर ९० हजारांचं दान पक्कं, १० हजार देणाऱ्याचेच राहतात.

मग आईला विचारलं, तुम्हाला भीती नक्की कशाची वाटते? अर्धा तास गेला ह्यात. आईला आधी सांगताच येईना, नंतर हळूहळू निघालं. मरेपर्यंत मला कुणी घरातून हलवू नये. हे सोपं निघालं, राहण्याचा आणि वरच्या खोलीचं भाडं घेण्याचा हक्क तहहयात आईकडे ठेवला, असं ठेवूनसुद्धा बक्षीसपत्र चालतं हे सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये सांगितलंय. दुसरं जरा अवघड, आई बोलताना रडली. भावाला मूलबाळ नाही, त्याचंच आधी काही बरंवाईट झालं तर? तर घर परत घ्यायचा हक्क लिहिला, कारण ती गोष्ट आईच्या मर्जीतली नाही, फक्त भावाची संमती त्यात पाहिजे, त्यानं सही केली. पण घर आपोआप चालत परत येणार नाही, तशी वेळ आलीच तर आईनं स्वतः हालचाल करायची, हेही मॅडमनी दोनदा बजावलं.

सांभाळण्याची अटपण घातली. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आहे (सांभाळलं नाही तर दिलेलं रद्द करून घेता येतं), पण ही अट कागदात नसेल तर नंतर प्रांताधिकाऱ्यांकडे जाऊन सिद्ध करताना दमछाक होते. "घर कधीच विकायचं नाही" हे मात्र त्यांनी लिहून दिलं नाही, त्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्याच कलम १० खाली तशी पूर्ण बंदी टिकत नाही. आई अजून त्यावर नाराज आहे.

स्टॅम्प २०० रुपये (मुलाला राहतं घर देतोय म्हणून), वर लोकल बॉडीचा (महापालिकेचा) घराच्या किमतीवर १ टक्का, दोन साक्षीदार, रजिस्ट्रेशन. फी आधीच सांगितली, नंतर एक रुपया वाढवला नाही. पण मसुद्यात सिटी सर्वे नंबरचा एक आकडा चुकला होता, भावानं पकडला म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं देव जाणे. दुरुस्ती फुकट केली पण चक्कर झालीच ना.

जाणार असाल तर संध्याकाळी पाचनंतर जा, त्याआधी मॅडम कोर्टात असतात आणि ऑफिसातला मुलगा नुसतं "येतीलच आता" म्हणत बसवतो. पाण्याची बाटली न्या.