कायदा बदलायची मोहीम कशी चालवायची: इंदूरच्या शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचा रिव्ह्यू

ज्यांना एखाद्या कायद्यात खरंच बदल हवाय आणि जे दर वेळी ज्ञापन म्हणजे निवेदन देऊन, फोटो काढून घरी परत येतात त्यांनी ही कार्यशाळा करायलाच हवी, पैसे पूर्ण वसूल. काही गोष्टी खटकल्या त्या पण लिहिणार आहे. शनिवार-रविवार, सकाळी दहा ते पाच, रामबागेकडे एका मराठी मंडळाच्या वरच्या हॉलमध्ये, फी आठशे रुपये आणि त्यात दोन्ही दिवस सकाळी पोहे-जलेबी, दुपारचं जेवण आणि झेरॉक्सचा एक जाड गठ्ठा. शिकवणाऱ्या मॅडमनी बरीच वर्षं भोपाळला विधानसभेची रिपोर्टिंग केलीये, त्यामुळे पुस्तकी बोलणं नव्हतं, आणि मराठी-हिंदी दोन्ही चालत होतं, जसं इंदूरमध्ये आपण बोलतोच.

आमचा ग्रुप सुदामा नगर, लोकमान्य नगर भागातल्या ज्येष्ठांचा, मी त्यात वयाने लहान म्हणून धावपळ माझ्याकडे. आमचा मुद्दा आईवडिलांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याचा. या कायद्यात एसडीएमकडच्या, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडच्या, ट्रिब्युनलमध्ये साधा अर्ज करता येतो, वकील लागत नाही, साधारण नव्वद दिवसांत निकाल द्यायचा असं लिहिलंय, इथवर सगळं छान आहे. पण निर्वाहाची रक्कम महिन्याला दहा हजारांच्या वर जाऊच शकत नाही, मर्यादा कायद्यातच घालून ठेवलीये. २००७ मधले दहा हजार आणि आजचे दहा हजार यात किती फरक आहे हे ज्याच्या घरी रात्रीची आया ठेवावी लागते त्याला विचारा. मुलं इथेच राहतात, वरच्या मजल्यावर, आणि खाली आईला विचारत नाहीत अशी घरं आमच्या भागात आहेत, लोक लवकर बोलत नाहीत एवढंच. म्हणून मी हे मनापासून धरून बसलेय आणि म्हणून गेले.

पहिल्या दिवशीचा सगळ्यात भारी भाग म्हणजे कात्रीचा. प्रत्येक ग्रुपने आपलं जुनं ज्ञापन आणायचं होतं, मॅडमनी त्याची झेरॉक्स काढून एकेक मागणी कापून वेगळी करायला लावली आणि भिंतीवर तीन चार्टपेपर लावले होते, दिल्ली, भोपाळ आणि कलेक्टोरेट. आता प्रत्येक चिठ्ठी योग्य कागदावर चिकटवा. दहा हजारांची मर्यादा काढा, ही चिठ्ठी दिल्लीच्या कागदावर, कारण कायदा संसदेचा. जिल्ह्यात गरीब ज्येष्ठांसाठी निदान दीडशे जण राहतील असा वृद्धाश्रम, याची तरतूद त्याच कायद्यात आहे पण बांधायचं राज्य सरकारने, म्हणजे भोपाळ. ट्रिब्युनलमध्ये अर्ज पडून आहे, तारीखच मिळत नाही, हे कलेक्टोरेटचं काम, त्यासाठी मंगळवारची जनसुनवाई आहे, १८१ ची हेल्पलाइन आहे, त्याला कायदा बदलायची गरज नाही. एकाच पत्रातल्या मागण्या तीन भिंतींवर गेल्या! तेच पत्र आपण सांसदांना देतो, विधायकांना देतो, कलेक्टर साहेबांनाही देतो आणि प्रत्येक जण हे माझ्याकडचं नाही म्हणतो, आणि ते खोटं बोलत नसतात. बाकी काही नाही शिकलात तरी एवढ्यावर फी निघते.

यातच महूचे एक काका होते, त्यांच्या कॉलनीचा वेगळा विषय होता. ते सहज म्हणाले आमचे सांसद इंदूरचे, तर मॅडमनी नकाशा दाखवला. जिल्ह्यात विधानसभेच्या नऊ जागा आहेत, त्यातल्या आठ इंदूर लोकसभेत येतात आणि महू मात्र धार लोकसभेत. जिल्हा इंदूर, सांसद धारचे. ही माहिती पाच मिनिटांत मिळते पण मोहिमेच्या आधी कुणी शोधत नाही, हॉलमध्ये बरेच जण आपापल्या फोनवर मतदारसंघ बघायला लागले.

मग दुपारी पक्षादेशाचा विषय आला आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, जरा सविस्तर लिहिते. आपल्याला वाटतं आमदार-खासदाराला पटवलं की ते आपल्या बाजूने मत देतील. १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा झाला, संविधानात दहावी अनुसूची आली, तेव्हापासून पक्षाने व्हिप काढला, म्हणजे असंच मत द्या असा आदेश दिला, आणि सदस्याने उलट मत दिलं तर त्याची जागाच जाऊ शकते. म्हणजे मतदानाच्या दिवशी तुमच्या सांसदांना हजार फोन केले तरी ते बिचारे काय करणार. आपली सगळी ताकद त्याच्या आधी लागायला हवी, मसुदा बनतो तेव्हा, समितीकडे असतो तेव्हा, पक्षाची भूमिका अजून पक्की नसते तेव्हा. आणि सदस्याकडे मताशिवाय मागण्यासारखं खूप असतं, प्रश्न विचारणं, शून्यकाळात (प्रश्नोत्तरांनंतरच्या वेळात) विषय काढणं, मंत्र्यांना स्वतःच्या लेटरहेडवर पत्र, याचिकेवर सही. लोकसभेत प्रश्नाला निदान पंधरा दिवस आधी नोटीस लागते, दिवसाला वीस तारांकित आणि दोनशे तीस अतारांकित प्रश्न घेतात. तारांकितला मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि वरून पूरक प्रश्न विचारता येतात, अतारांकितला लेखी उत्तर मिळतं. आमच्यासारख्यांना लेखी उत्तरच जास्त कामाचं, कारण आकडे सरकारी कागदावर येतात आणि मग कुणी नाकारू शकत नाही. ताई, म्हणजे इंदूरच्या सुमित्रा महाजन, २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष होत्या, त्यामुळे शून्यकाळ, तारांकित हे शब्द इंदूरच्या मराठी घरांत सगळ्यांच्या कानावर आहेत, पण ते आपल्याला वापरता येतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

कुणीतरी विचारलं की मग आपल्या सांसदांनी स्वतःच बिल आणावं ना. मॅडम म्हणाल्या आणू शकतात, पण १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, आतापर्यंत सगळे मिळून चौदाच झाले. तरी ते फुकट जात नाही, कारण तृतीयपंथीयांच्या हक्कांचं तिरुची शिवा यांचं खासगी विधेयक २०१५ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं, ते पुढे तसंच अडकलं, पण विषय सरकारच्या टेबलवर आला आणि २०१९ मध्ये सरकारचा स्वतःचा कायदा आला. तो कायदा त्या समाजाला हवा तसा झाला का, यावर तिथे चांगलीच चर्चा झाली आणि मला वाटतं ती व्हायलाच हवी होती.

आमच्या विषयाचा इतिहास तर तिथे पहिल्यांदाच नीट समजला आणि वाईट वाटलं. डिसेंबर २०१९ मध्ये या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत आलं होतं, त्यात दहा हजारांची मर्यादा काढली होती, सून-जावयांवरही जबाबदारी टाकली होती, ऐंशीच्या वरच्यांचे अर्ज साठ दिवसांत संपवायचे असं होतं. ते स्थायी समितीकडे गेलं, जानेवारी २०२१ मध्ये समितीचा अहवालही आला, आणि त्यानंतर विधेयक तसंच पडून राहिलं आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा आपोआप रद्द झालं. म्हणजे सगळं लिहून तयार होतं, अहवाल होता, पाठपुरावा करणारे कमी पडले देशभरात. आता पुन्हा शून्यापासून नाही पण जवळजवळ तिथूनच. मात्र समितीचा अहवाल आपल्या हातात आहे, त्याचा आधार घेऊन आजही पत्र लिहिता येतं, आणि मॅडमनी नेमकं तेच लिहून घेतलं आमच्याकडून.

दुसऱ्या दिवशी रोलप्ले. एका टेबलावर मॅडमचे सहकारी विधायकांचे पीए बनून बसले, समोर फोनची रिंग सतत वाजतेय, मागे लोक उभे आहेत, आणि आपल्याला दोन मिनिटं. आमच्याकडून जोशी काकू गेल्या, वय पंच्याहत्तर, त्यांनी नमस्कार करून ट्रिब्युनलची पूर्ण कहाणी सुरू केली, पीएने फोन उचलला आणि वेळ संपली. मग मॅडमनी शिकवलं, पहिल्या वाक्यात आपण कुठल्या वॉर्डातले, किती घरं, दुसऱ्या वाक्यात काय हवंय ते एकच काम, आणि मग गोष्ट, ती पण एकाच माणसाची. काकू परत गेल्या आणि म्हणाल्या, "दादा, आम्ही याच मतदारसंघातले, आमच्या गल्ल्यांमध्ये दोनशे ज्येष्ठ आहेत, विधायकजींनी येत्या अधिवेशनात एक प्रश्न विचारावा, प्रश्न मी टाइप करून आणलाय." पीएने कागद हातात घेतला! हॉलमध्ये टाळ्या. प्रश्न आपणच लिहून न्यायचा ही गोष्ट मला फार आवडली, कारण पीएचं काम वाचतं आणि आपला मुद्दा बदलत नाही. एक पान, मोठा फॉन्ट, खाली एकाच माणसाचा मोबाइल नंबर, आणि आवकवाल्याकडून आपल्या कॉपीवर सही-शिक्का म्हणजे पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही. पंधरा दिवसांनी त्याच पावतीचा क्रमांक सांगून फोन.

उदाहरणं दोन आली, दोन्ही मनाला लागली. राजस्थानात १९९६ ला ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं, हिशोबाचे कागद दाखवा म्हणून, राज्याचा कायदा २००० मध्ये आला आणि देशाचा माहिती अधिकार २००५ मध्ये. धरणं सगळ्यांना आठवतं, मधली नऊ वर्षं मसुदे लिहिण्यात आणि समित्यांपुढे बोलण्यात गेली ती कुणाला आठवत नाहीत. दुसरं महाराष्ट्राचं, जादूटोणाविरोधी कायदा. डॉ. दाभोलकरांनी कित्येक वर्षं तो मसुदा परत परत बदलून, गावोगाव सभा घेऊन, सगळ्या पक्षांच्या आमदारांना भेटून पुढे नेला, आणि २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाल्यावर काही दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. हे सांगताना मॅडम थांबल्या होत्या, हॉलमध्ये कुणीच बोललं नाही.

आता खटकलेलं. झेरॉक्सच्या गठ्ठ्यातली निदान वीस पानं अमेरिकेच्या कुठल्या तरी माहितीपत्रकातून उचललेली आहेत, तिथल्या करसवलतवाल्या संस्थांनी लॉबिंगवर किती टक्के खर्च करायचा, त्यात लोकांना आवाहन करण्यावर किती, असले नियम. तिथे व्हिप मोडला म्हणून सीट जात नाही, त्यामुळे मतदानाच्या आदल्या दिवशी फोनचा पाऊस पाडा हा त्यांचा सल्ला तिथे चालतो, आपल्याकडे नाही, आणि मॅडमनी हॉलमध्ये जे शिकवलं त्याच्या हा कागद बरोबर उलट जातो. नवीन माणूस घरी जाऊन कागदच वाचेल ना. त्याजागी आपल्याकडचं द्या, उदाहरणार्थ केंद्राचं २०१४ चं धोरण, की विधेयकाचा मसुदा निदान तीस दिवस लोकांच्या सूचनांसाठी ठेवावा. ते धोरणच आहे, कायदा नाही, आणि बऱ्याचदा पाळलं जात नाही, पण पत्रात त्याचा उल्लेख करता येतो. याची एक ओळसुद्धा गठ्ठ्यात नाही. परदेशातून पैसा घेणाऱ्या संस्थांसाठी २०१० च्या विदेशी अंशदान कायद्यात काय बंधनं आहेत तेही दोन वाक्यांत उरकलं, दोन एनजीओवाले होते त्यांना ते हवं होतं.

सोशल मीडियाचं सेशन ठीकठाक, व्हॉट्सअॅप ग्रुपवर फॉरवर्ड करू नका, प्रत्येकाला स्वतःच्या शब्दांत लिहू द्या, एवढंच कामाचं. बाकी वेळ भोपाळच्या अधिवेशनांच्या तारखांवर द्यायला हवा होता, कारण हल्ली अधिवेशनं छोटी असतात, कधी कधी ठरल्यापेक्षा आधीच गुंडाळतात, आणि प्रश्नाची मुदत निघून गेली की पुढच्या अधिवेशनापर्यंत हात चोळत बसा. वर्षभराचं एक कॅलेंडर बनवून दिलं असतं तर भिंतीवर लावलं असतं आम्ही.

जेवण चांगलं, रविवारी वरण-भात आणि मटकीची उसळ, चहा मात्र दुपारी थंडच येत होता. पार्किंग नाहीच, स्कूटरने जा किंवा राजवाड्याकडून ऑटो करा.

कुणी जावं: रहिवासी संघ, महिला मंडळं, शिक्षक, दुकानदारांच्या संघटना, ज्यांच्याकडे एक नक्की मागणी आणि निदान चार माणसं आहेत असे सगळे. एकट्याने गेलात तर रोलप्लेमध्ये मजा कमी. ज्यांचं काम नळाचं, रस्त्याचं, लाइटबिलाचं आहे त्यांनी आठशे रुपये घालवू नयेत, पार्षदाकडे किंवा मंगळवारी जनसुनवाईला जावं, तिथे ते लवकर होतं.

आयोजकांना एकच कळकळीची विनंती. हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना अरुंद, लिफ्ट नाही. आमच्या ग्रुपमधले चार जण फक्त जिन्यामुळे आले नाहीत, आणि हा कायदा त्यांच्यासाठीच बदलायचाय. मंडळाचा खालचा मोठा हॉल रविवारी रिकामा असतो, मी चौकशी केली, भाडं थोडं जास्त आहे. पुढची बॅच खाली घ्या, फी शंभर रुपयांनी वाढवलीत तरी आम्ही देऊ.