जुने अनवट अल्बम ऐकायचे तर एलपी, सीडी की स्ट्रीमिंग?

ठाणे-वाशी लोकलला रोज माझ्याबरोबर ऑफिसातला एक मुलगा असतो, वयाने बराच लहान, हल्ली तो साठ-सत्तरच्या दशकातल्या जॅझ फ्युजन (जॅझमध्ये दुसरं संगीत मिसळलेलं) आणि फोकच्या, म्हणजे लोकसंगीताच्या, मागे लागलाय. परवा ऐरोली यायच्या आत म्हणाला, दादा, बोनसमधले वीस हजार बाजूला काढलेत, टर्नटेबल, म्हणजे एलपी तबकड्या वाजवायचं मशीन, घेऊन टाकू का? उतरेपर्यंत जेवढं बोलून झालं तेवढं झालं, बाकीचं सविस्तर लिहितोय, कारण ह्याच प्रश्नावर मी स्वतः चार वर्षं घालवलीत आणि तिन्ही प्रकारांवर पैसे खर्च केलेत.

आधी एक सांगतो, पिंक फ्लॉइड किंवा बीटल्स ऐकायचे असतील तर कशावरही ऐका, फरक पडत नाही, सगळीकडे सगळं मिळतं. प्रश्न येतो तो कमी खपलेल्या, एकदाच छापल्या गेलेल्या, मग तीस-चाळीस वर्षांनी कुणीतरी पुन्हा काढलेल्या अल्बमचा. उदाहरणार्थ रूपा बिस्वास ह्यांचा डिस्को जॅझ, 1982 चा, कॅनडात कॅलगरीला रेकॉर्ड झालेला, सरोदवर आशिष खान, तेव्हा फारसा कुणी ऐकला नाही आणि 2019 ला न्यूमेरो ग्रुप ह्या रेकॉर्ड कंपनीने पुन्हा काढल्यावर जगभर वाजायला लागला. असल्या अल्बमपर्यंत पोचायचं कसं आणि पोचल्यावर ते घरात टिकवायचे कसे, हे दोनच मुद्दे माझ्या दृष्टीने महत्त्वाचे. आवाजाच्या आकड्यांत मी जात नाही.

एलपीपासून सुरुवात करतो कारण मीही तिथूनच केली. काकांचा टर्नटेबल माझ्याकडे आला, सुई नवीन टाकली, आणि पहिले सहा महिने खरंच सणासारखे गेले. मोठं कव्हर मांडीवर घेऊन बसायचं, वीस-बावीस मिनिटांनी उठून बाजू बदलायची, त्यामुळे माणूस गाणं सोडून दुसरीकडे जातच नाही. सॉफ्ट मशीन ह्या इंग्लिश ग्रुपचा थर्ड नावाचा अल्बम, 1970 चा, दोन तबकड्या, चार बाजू आणि प्रत्येक बाजूवर एकच लांबलचक रचना, तो एलपीवर ऐकताना बाजू संपणं हाही रचनेचाच भाग वाटतो, हे मी अगदी मनापासून मान्य करतो.

पण आमचं घर कळव्याच्या पुलाच्या बाजूला, खाडीचा वारा थेट आत येणारं. जुलै लागला की कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते तिथे कागदी कव्हरचं काय होणार! आधी कव्हरवर पांढरे ठिपके, मग आतल्या कागदी पिशवीवर, मग तबकडीवर भुरकट जाळी. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ फडक्याने गोल गोल पुसायचं, उभं करून सुकवायचं, सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहायच्या, हे सगळं दर पावसाळ्यात केलं. साधा ओरखडा असला तर टिक् टिक् वाजतं, ते कान सोडून देतो, पण बुरशी येऊन गेलेल्या तबकडीला पापड तळताना येतो तसा सलग सर्रर्र आवाज येतो आणि ज्या संगीतात तंबोरा आहे, हळुवार गिटार आहे, तबल्याच्या चाटेवरचे हलके बोल आहेत त्यात तो नेमका त्यांच्यावरच येऊन बसतो. शिवाय रीइश्यू, म्हणजे पुन्हा काढलेली, एलपी मला तरी अडीच-तीन हजाराच्या खाली क्वचितच मिळाली, म्हणजे वीस हजारांतून मशीन घेतल्यावर हातात दोन एलपी उरतील. तुमचं घर कोरडं असेल, घोडबंदरला वरच्या मजल्यावर एसी खोली वगैरे, तर तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

स्ट्रीमिंगबद्दल वाईट बोलायचं जिवावर येतं कारण निम्म्याहून जास्त अल्बम मला तिथेच पहिल्यांदा भेटले. महिन्याला दीडशेच्या आसपास रुपयांत एवढं मोठं कोठार, नको ते दोन मिनिटांत कळतं, पैसे वाया जात नाहीत. अल्बम मध्येच गायब होतात ही तक्रार सगळेच करतात, माझ्याही यादीतले तीन-चार एका सकाळी करडे होऊन बसले होते, नाव दिसतं पण वाजत नाही असे, पण तेवढ्यावर मी सोडलं नसतं.

सोडलं ते एका नावामुळे.

जॉन रेनबॉर्न ग्रुपचा अ मेड इन बेडलॅम नावाचा अल्बम आहे, 1977 चा. रेनबॉर्न आणि गायिका जॅकी मॅकशी हे दोघं पेंटँगल ह्या इंग्लिश फोक ग्रुपमधले, तो ग्रुप 1973 ला फुटला, त्यानंतरचं हे काम. जुनी इंग्लिश लोकगीतं, गिटार, फिडल, बासरी, आणि खाली सतत एक तालवाद्य. हा अल्बम मी दोन वर्षं फोनवर ऐकला, लोकलमध्ये, रात्री झोपताना, पावसात तलावपाळीला चकरा मारताना. ते तालवाद्य तबल्यासारखं वाटायचं, वाटायचं असणार तिकडचंच कुणीतरी शिकलेलं, त्या काळात बऱ्याच जणांना नाद होता. ॲपवर नाव एकच, ग्रुपचं. गाण्यावर बोट दाबून धरलं की क्रेडिट्स यायचे, त्यातही तेवढंच एक नाव.

मग मेव्हणे लंडनहून आले ते तिथल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून ह्याच अल्बमची वापरलेली सीडी घेऊन आले. प्लास्टिकची डबी एका कोपऱ्यात तडकलेली, आतल्या पुस्तिकेची मधली दोन पानं दमटपणामुळे एकमेकांना चिकटलेली, ती मी सुरीच्या बोथट बाजूने हळूहळू सोडवली आणि चष्मा कपाळावर सरकवून, फोनचा टॉर्च मारून बारीक अक्षरं वाचायला लागलो. कोण कुठलं वाद्य वाजवतंय ते ओळीने दिलं होतं, आणि त्यात: तबला, केशव साठे.

साठे! दोन वर्षं मी ज्या माणसाचा हात ऐकत होतो तो आपला निघाला आणि मला पत्ताच नव्हता. आईला दाखवलं तर तिचा पहिला प्रश्न, कुठले साठे, पुण्याचे का? त्या रात्री मी झोपलोच नाही म्हटलं तरी चालेल, कारण त्या एका नावाला धरून मागे मागे गेलो तर एक अख्खं दालन उघडलं. 1972 चा मॅजिक कार्पेट, सतार आणि इंग्लिश फोक एकत्र बांधलेला, मूळ प्रत आता दुर्मीळ, तबल्यावर साठे. 1967 चा जॅझ मीट्स इंडिया, पियानोवर स्विस इरेन श्वाइत्सर, सतारीवर दिवाण मोतिहार, तबल्यावर साठे. त्याच्याही आधी 1966 चा इंडो-जॅझ स्वीट, जमैकातून इंग्लंडला आलेला सॅक्सोफोनवाला जो हॅरियट आणि कलकत्त्यात वाढलेला जॉन मेयर, एकीकडे पाच जॅझवाले, दुसरीकडे पाच हिंदुस्थानी संगीताकडचे, आणि तिथेही तबल्यावर साठेच. त्या इंडो-जॅझ स्वीटवर बास वाजवणारा रिक लेअर्ड म्हणजे पुढे 1971 ला महाविष्णू ऑर्केस्ट्रा ह्या जॅझ-रॉक ग्रुपात गेलेला तोच, तिथून त्या ग्रुपचा गिटारवाला जॉन मॅकलॉफ्लिन, तिथून त्याच्याच शक्ती ह्या ग्रुपचा 1976 चा पहिला अल्बम, म्हणजे तबल्यावर झाकीर हुसेन आणि घटमवर विक्कू विनायकराम. फोकपासून निघालो, जॅझमधून गेलो, रॉकमध्ये शिरलो आणि परत तबल्यापाशी आलो, सगळं छापील नावांच्या पट्टीवर पाय ठेवत.

कुणी म्हणेल ही माहिती नेटवर मिळते की. मिळते, मान्य आहे, मीही पुढचं बरंचसं तिथेच शोधलं. पण शोधण्यासारखं काही आहे हे आधी कळावं लागतं ना, मला दोन वर्षं ते वाटलंच नव्हतं. पुस्तिका हातात असली की नाव न शोधता समोर येतं, गाणं चालू असताना डोळा आपोआप त्यावर जातो. आणि अनवट अल्बमच्या बाबतीत नावं हाच रस्ता आहे, कारण हे ग्रुप दोन-तीन वर्षांत मोडायचे, माणसं मात्र एकातून दुसऱ्यात जायची. ॲप मला एका अल्बमवरून त्याच्यासारखाच वाजणारा दुसरा दाखवतं, साठ्यांकडून हॅरियटकडे ते मला कधीच घेऊन गेलं नसतं, दोघांचे अल्बम एकमेकांसारखे वाजतच नाहीत. त्यातून एकाच नावाचे चार वेगवेगळे ग्रुप एका पानावर कोंबलेले असतात ते वेगळंच, मॅजिक कार्पेट शोधताना मध्ये लहान मुलांची गाणी आली होती.

एलपीच्या मागेही नावं असतात, अक्षरंही मोठी, तो मान एलपीला द्यायलाच हवा. पण रीइश्यू सीडीत बहुतेक वेळा मूळ मजकूर असतोच आणि वर नंतर कुणीतरी जीव लावून लिहिलेली आठ-दहा पानं असतात, रेकॉर्डिंग कुठल्या दिवशी झालं, कोण ऐनवेळी आलं, असं. मी तर कधी कधी सीडी न लावता नुसतं तेच वाचत बसतो.

सीडीचे त्रासही आहेत, लपवत नाही. नवीन लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, जुन्या प्लेयरची लेन्स थकलेली असते, नव्वदनंतरच्या काही रीमास्टरमध्ये, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगच्या नव्याने तयार केलेल्या प्रतींत, आवाज इतका चढवलाय की अर्ध्या तासात डोकं दुखतं. पण वापरलेली सीडी मला तीनशे-चारशेला पडते, पावसाळ्यात पुसून घेतली की पुन्हा तशीच वाजते, आणि रेनबॉर्नची गिटार ज्या शांततेतून सुरू होते ती शांतता खाडीकाठच्या माझ्या घरात सीडीवरच मिळाली.

त्या मुलाला मी एवढंच सुचवलं की स्ट्रीमिंग बंद करू नकोस, चाळण म्हणून ठेव, टर्नटेबल एक पावसाळा थांबव, आणि वीस हजारातले पाच-सहा हजार वापरलेल्या सीडी प्लेयरवर घाल. घ्यायला जाताना आपली एक ओरखडे पडलेली सीडी बरोबर ने, विकणारा नेहमी स्वतःची चकचकीत सीडी लावून दाखवतो. शेवटचा ट्रॅक लावून बघ, लेन्स थकली असेल तर बऱ्याचदा तिथेच अडखळते, ट्रे चार-पाच वेळा उघड-बंद कर आणि हेडफोनचं भोक चालतं का तेही बघ. अ मेड इन बेडलॅमची पुस्तिका मी त्याला वाचायला दिलीय, सीडी अजून दिलेली नाही.