एकच मूठ, दोन पाती: जर्मन तलवार धारदार घ्यावी की सरावाची?

सोळाव्या शतकाच्या अखेरची जर्मन तलवार घ्यायची असं मनात पक्कं झालं की पहिली अडचण येते ती नावाची. स्ट्रासबुर्गच्या योआखिम मेयरने 1570 साली शस्त्रविद्येवरचा आपला ग्रंथ छापला. त्यात तो या एकहाती तलवारीला ‘रापीर’ म्हणतो आणि ही विद्या आपल्याकडे परक्या लोकांकडून नव्याने आली आहे, हेही मोकळेपणाने सांगतो. पण आज दुकानात ‘रेपियर’ मागितली तर समोर येते पुढच्या शतकातली, मीटरभराहून लांब आणि निमुळत्या पात्याची तलवार. ती भोसकायला उत्तम, पण जोराचा वार करण्याचं तिचं काम नाही. मेयरच्या चित्रांतलं पातं रुंद आहे, दुधारी आहे आणि दोन्ही कामं करतं. तेव्हा शोधताना ‘साइडस्वॉर्ड’ किंवा ‘राइटश्वेर्ट’, म्हणजे घोडेस्वाराची तलवार, या नावांनी शोधा. ही नावं आजच्या छांदिष्टांमध्ये रुळलेली आहेत.

माझ्याकडे अशा दोन आहेत. एक धारदार प्रतिकृती, दुसरी बोथट, तालमीत रोज वापरायची. मुठी जवळपास सारख्याच. ‘यातली कुठली घेऊ?’ असं नव्याने येणारा प्रत्येक जण विचारतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी मुठीबद्दल, कारण या तलवारीचा जीव तिथेच आहे. साध्या क्रुसासारख्या मुठीला एक आडवी दांडी असते, बस. इथे त्या दांडीच्या जोडीला बाहेरच्या अंगाला लोखंडी कडी, बोटांवरून वळून मागच्या गोळ्यापर्यंत जाणारी परज आणि दांडीच्या पुढे पात्याच्या दोन्ही बाजूंना छोट्या कमानी. त्या कमानी शोभेच्या नाहीत. तलवार धरणारा तर्जनी दांडीच्या पुढे टाकतो, पात्याच्या बिनधारेच्या भागाला विळखा घालतो, आणि पुढे गेलेलं ते बोट कमान वाचवते. बोट पुढे गेलं की टोक कुठे आहे हे न बघता कळायला लागतं.

आपल्याकडची मराठा तलवार हातात घेतलेल्याला हा फरक लगेच जाणवेल. आपल्या मुठीत पंजा घट्ट बसतो, मागची वाटी मनगटाला अडते आणि सगळा जोर खांद्यातून ओढून मारायच्या वारात उतरतो. पातं मात्र पुष्कळदा तिकडचंच असायचं. महाराष्ट्र शासनाने 2025 साली लंडनच्या लिलावातून परत आणलेली रघूजी भोसले यांची तलवार अशीच आहे: पातं युरोपात घडलेलं, मूठ आपली. आपल्या लोकांनी फिरंगी पातं आनंदाने घेतलं आणि मूठ मात्र आपल्या हाताला हवी तशी चढवली. मुठीचं महत्त्व त्यांना नेमकं कळलं होतं.

आता दोन पात्यांकडे येऊ. माझ्या धारदार तलवारीचं वजन 1,180 ग्रॅम, पातं 92 सेंटिमीटर, तोल (बोटावर ठेवली की जिथे समतोल राहते ती जागा) दांडीपासून साधारण 9 सेंटिमीटरवर. सरावाची 1,320 ग्रॅम, पातं 95, तोल 8 वर. आकडे बघून वाटतं, फरक तो काय? हातात घेतल्यावर कळतो. धारदार पातं मुठीपाशी जाड आणि टोकाकडे पातळ होत जातं, पण ते ताठ राहतं. भोसकताना ते वाकायला नको असतं. सरावाचं पातं मुद्दाम शेवटच्या तिसऱ्या भागात लवचीक ठेवलेलं असतं, कारण समोर आपलाच मित्र उभा असतो आणि टोक त्याच्या छातीवर टेकलं की पात्याने वाकायलाच हवं. त्याची कड दीड-दोन मिलिमीटर जाड, टोक गुंडाळलेलं किंवा चपटं रुंद केलेलं. बोथट तलवार म्हणजे धार काढून टाकलेली धारदार तलवार नव्हे. ती वेगळ्या कामासाठी वेगळीच घडवलेली वस्तू आहे. धारदार तलवारीच्या कडा घासून ती सरावाला आणणाऱ्याला आमच्या तालमीत आम्ही उभं करत नाही, आणि तुमच्या तालमीतही करू देऊ नये.

दोन्ही तलवारी शिकवतात, पण निरनिराळं. बोथट तलवार माणूस शिकवते: अंतर, वेळ, समोरच्याने पातं दाबलं तर काय करायचं. धारदार तलवार पात्याची दिशा शिकवते. भिजवलेल्या चटईची गुंडाळी उभी करून वार केला की धार आणि वाराची रेघ जुळली होती का, याचं उत्तर चटई लगेच देते. जुळली नसेल तर पातं अर्ध्यात अडकतं आणि मनगटाला हिसका बसतो. चार वर्षं नुसत्या बोथट तलवारीने खेळल्यावर पहिल्या दिवशी माझे दहापैकी सात वार असे अडकले होते.

एक गोष्ट विकत घेण्याआधी कुणी सांगत नाही, ती हातमोज्यांची. दोन हातांनी धरायच्या लांब तलवारीच्या खेळातले जाड, पंज्यासारखे हातमोजे या मुठीत शिरतच नाहीत. बोट कमानीत घालायचं तर पाच बोटांचा पातळ, तरी सांध्यांवर संरक्षण असलेला हातमोजा लागतो. म्हणून सरावाची तलवार घेताना तुमचा हातमोजा बरोबर न्या, घालून धरा, तर्जनी पुढे टाका आणि मनगट चारी दिशांना फिरवा. कुठेही लोखंड सांध्याला घासत असेल तर ती तलवार तुमची नव्हे. धारदार तलवार उघड्या हाताने किंवा साध्या चामडी मोज्याने धरायची असल्याने तिची मूठ आटोपशीर असली तरी चालते, उलट तशीच असावी.

बांधणी तपासायची युक्ती दोन्हींना सारखीच. पातं मोज्याने हलकं धरा आणि मागच्या गोळ्यावर तळहाताने थाप मारा. मुठीतून खळखळ आवाज आला तर काहीतरी सैल आहे. माझी पहिली तलवार अशीच होती. आवाज मी ऐकला होता, पण मुठीच्या देखणेपणाला भुललो. आठव्या महिन्यात बाहेरच्या कड्याच्या जोडावर केसाएवढी चीर दिसली आणि पुढच्या आठवड्यात कडं हातात आलं. ते जोडकाम वरवरचं होतं. विकणाऱ्याने परत घेतली नाही. तेव्हापासून मी प्रत्येक जोड भिंगातून बघतो. पात्याची शेपटी गोळ्यातून आरपार येऊन ठोकून बसवलेली असेल तर उत्तम. नटाने आवळलेली असेल तर सरावासाठी तीही चालते, सैल झाली की घट्ट करता येते. पात्यामागे बारीक सळई जोडलेली, स्टेनलेस स्टीलची, भिंतीवर टांगायची तलवार मात्र कधीही फिरवू नका. ती मोडली की पातं हवेत उडतं.

किमतीत सरावाची बरी तलवार युरोपात साधारण 300 ते 450 युरोत मिळते. हाताने घडवलेली, जुन्या नमुन्याच्या मापांवरून केलेली धारदार याच्या दुप्पट-तिप्पट. हा जास्तीचा पैसा मुख्यतः पात्याच्या उतरत्या जाडीत आणि मुठीच्या वळणांत जातो. ड्रेस्डेनच्या राजवाड्यातल्या शस्त्रसंग्रहात सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला संस्थानिक, पहिला ख्रिश्चन (कारकीर्द 1586 ते 1591) याच्या रक्षकदलाच्या तलवारी बघितल्या की ही वळणं किती सफाईची असू शकतात ते डोळ्यांत भरतं.

निगा राखण्यातही फरक आहे. दोन्ही कार्बन स्टीलच्या, दोन्हींना तेलाचा हलका हात लागतो, आणि दोन्हींना महिनोन्‌महिने चामडी म्यानात ठेवायचं नाही, कारण चामडं ओल धरून ठेवतं. सरावाच्या तलवारीला रोजचं एक काम जास्त: खेळ झाला की कडेवरून चिंधी ओढा. जिथे चिंधी अडकेल तिथे खवला उठलेला असतो. तो कानशीने घासून काढा, नाहीतर बोथट तलवारही समोरच्याचा कपडा फाडते.

जर्मनीत राहत असाल तर धारदार तलवार अठरा वर्षांनंतरच विकत मिळते, रस्त्यावरून उघडी नेता येत नाही आणि कुलूपबंद पेटीतून न्यावी लागते. भारतात मागवायचा विचार असेल तर 1959च्या शस्त्र अधिनियमाखाली तलवार आयातीला परवाना लागतो. पैसे भरण्याआधी जिल्ह्याच्या परवाना कार्यालयात विचारून घ्या.

माझं मत विचाराल तर तालीम जवळ असेल आणि आठवड्यातून एकदा तरी जाणं होणार असेल, तर आधी सरावाची घ्या आणि तीही हातात धरून बघितल्यावरच. तालीम नसेल, एकट्याने हळूहळू मेयरच्या चित्रांतली एकेक उभं राहण्याची पद्धत करून बघायची असेल, तर थेट धारदार घ्या. लवचीक पातं एकट्या माणसाच्या काही उपयोगाचं नाही, आणि धारेच्या भीतीने पाय आपोआप जपून पडायला लागतात.