बीपबॉक्स: साध्या मोबाईल गेमला म्युझिक पाहिजे असेल तर आधी हे बघा

एकट्यानं गेम बनवणाऱ्या पोरांसाठी लिहितोय. माझा गेम अगदी साधा आहे, पैलवान बैठका मारतोय आणि आपण ठेक्यावर टॅप करायचं, ठेका चुकला की गडी दमतो. असल्या गेमला म्युझिक नसेल तर तालीम मुकी वाटते, आणि नेटवरनं कुणाचंही गाणं उचलून लावणं मला पटत नाही. म्हणून बीपबॉक्स ही म्युझिक बनवायची वेबसाईट घेतली. नाद खुळा चीज आहे राव.

फुकट आहे, इन्स्टॉल नाही, लॉगिन नाही, ब्राउझरमध्ये उघडायचं आणि चौकटीत माऊसनं सूर टाकायचे. पाच सुरांची मेजर पेंटाटॉनिक स्केल निवडली की सा रे ग प ध, म्हणजे भूपाचेच सूर समोर राहतात, त्यामुळं संगीत न शिकलेल्यालाही बेसूर व्हायची भीती नाही. बनवलेलं गाणं आपल्याच मालकीचं राहतं. आणि अख्खं गाणं ब्राउझरच्या वरच्या पट्टीतल्या लिंकमध्येच साठतं, ती कॉपी करून ठेवली की झालं सेव्ह.

मला पाहिजे होती हलगी, कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती लागली की कडकडते तशी. हुबेहूब नाही मिळत बरं का, माईकवरनं रेकॉर्डिंग घालायची सोयच यात नाही. पण नॉइजच्या, म्हणजे नुसत्या खरखरीच्या आवाजाच्या चॅनेलवर बारके, फटकन तुटणारे ठोके टाकले, जाड काठीचा खाली आणि बारीक काडीची कडकड वर, की ऐकणारा ओळखतो. तालमीतल्या पोरांनी न सांगता ओळखली, लय भारी वाटलं. बेस मात्र एक सप्तक वर घ्या, हेडफोनवर दणदणतो आणि फोनच्या बारक्या स्पीकरवर गायबच होतो.

आता महत्त्वाचं. एक्स्पोर्ट करताना एमपी३ नका घेऊ, त्यात फाईलच्या सुरवातीला नि शेवटाला बारीकशी शांतता चिकटते आणि लूप, म्हणजे परत परत वाजणारा तुकडा, पहिल्यापासून सुरू होताना ठेका अडखळतो, माझ्या गेममध्ये तर सगळा खेळच ठेक्यावर आहे. वेव्ह फाईल घ्या आणि ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये तिची ओजीजी फाईल करा. बारला, म्हणजे एका आवर्तनाला, चार ठोके धरले तर १२० टेम्पोला १६ बार म्हणजे ३२ सेकंद, त्याची वेव्ह ५-६ एमबी होते आणि ओजीजी अर्ध्या एमबीच्या आसपास, कानाला फरक कळत नाही. गोडो या गेम इंजिनमध्ये इम्पोर्टच्या टॅबला लूप टिक करून रीइम्पोर्ट दाबायचं, बास.

आणखी एक, तोच तोच लूप कानाला टोचतो म्हणून आठ बारनंतर चाल जरा बदला, निदान दोन बार नुसती हलगी ठेवा. खऱ्या वाद्यांचा आवाजच पाहिजे असेल तर हे तुमच्यासाठी नाही, पण छोट्या गेमला माझ्याकडनं ५ पैकी साडेचार. आणि गेममध्ये म्युझिक बंद करायचं बटण द्याच, केएमटीच्या बसमध्ये बसून खेळणारे पण असतात.