पेटीवाला न आलेली मैफल: सॉनी रोलिन्सचा व्हॅनगार्ड संच, सात महिन्यांनी

मार्चमध्ये पार्सल हातात पडलं तेव्हा खोक्याचा एक कोपरा चेपलेला होता. कस्टम्सचे पैसे धरून महिन्याच्या किराण्याएवढी रक्कम आधीच गेली होती, त्यामुळे खोकं उघडताना बायकोकडे बघायची हिंमत झाली नाही. आतल्या तिन्ही तबकड्या मात्र सरळ होत्या. कव्हरला पडलेली घडी आजही आहे, आता तिची सवय झाली.

संच आहे अमेरिकी जॅझ सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सच्या ‘अ नाइट अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’चा. ३ नोव्हेंबर १९५७, रविवार. न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमधलं तळघरातलं क्लब, मैफल दुपारी, आणि मग रात्रीही. १९५८ साली ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीने त्यातल्या सहाच चिजा एका रेकॉर्डवर काढल्या. उरलेल्यांपैकी बऱ्याचशा उजेडात यायला १९७० चं दशक उजाडलं. २०२४ मध्ये ब्लू नोटच्याच टोन पोएट या पुनर्प्रकाशन मालिकेत सगळं ध्वनिमुद्रण तीन तबकड्यांवर एकत्र आलं. निर्मिती जो हार्ली यांची, मूळ टेपवरून मास्टरिंग केविन ग्रे यांचं.

पहिल्याच रविवारी लावली. बाबा पेपर वाचत बसले होते. पाचेक मिनिटांनी मान वर करून म्हणाले, “काय रे, ह्यांचा पेटीवाला आला नाही का?”

बाबांना जॅझ कळत नाही, पण या रेकॉर्डचं मर्म त्यांनी पाच मिनिटांत पकडलं. इथे पियानो नाही. टेनर सॅक्सोफोन, डबल बास आणि ड्रम्स, बस्स. पियानो असला की तो मागून कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, देत राहतो, वाजवणाऱ्याला कुठे जायचं ते सुचवत राहतो. पेटीवाला जरा जास्तच उत्साही असला की गायकाची जी गत होते, तीच. रोलिन्सने त्याच वर्षी मार्चमध्ये पियानोशिवाय एक रेकॉर्ड करून पाहिली होती, पण ती स्टुडिओत. इथे समोर माणसं बसली आहेत. एखादी जागा घेताना तो चुकला तर झाकायला मागे कुणी नाही.

पहिले दोन महिने मी फक्त सॅक्सोफोन ऐकला, हे कबूल करतो. तो आवाजच तसा आहे, जाडजूड, थोडा खरवडलेला, मध्येच थट्टा केल्यासारखा. एखाद्या धुनेचा तुकडा उचलायचा, उलटा करून बघायचा, लांबवायचा आणि अचानक सोडून द्यायचा. मग मे महिन्यात केव्हातरी कान खाली घसरला, विल्बर वेअरच्या बासवर. हा माणूस फार कमी स्वर वाजवतो. जिथे दुसरा बासवाला चार स्वर टाकेल तिथे हा एक टाकतो आणि थांबतो. आणि त्या थांबलेल्या जागेत एल्विन जोन्स ड्रम्सवर असं काही करतो की तीनच माणसं वाजवताहेत हे खरं वाटत नाही. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीत एल्विन पुढे १९६० मध्ये गेला. तिथला त्याचा लोंढा ज्यांना ठाऊक आहे त्यांना इथला एल्विन थोडा आवरलेला वाटेल. मला हाच जास्त आवडतो.

वेअर आणि जोन्स ही रात्रीची जोडी. दुपारची जोडी वेगळी आहे. बासवर डोनाल्ड बेली, ड्रम्सवर पीट ला रोका. ला रोका तेव्हा अवघा १९ वर्षांचा. मूळ रेकॉर्डवरचं ‘अ नाइट इन ट्युनिशिया’ या दुपारचं आहे. संचात तीच चीज रात्रीच्या जोडीबरोबरही आहे. लागोपाठ दोन्ही ऐकली की कळतं, साथ बदलली की तोच वादक तीच धून घेऊन कसा दुसऱ्याच घरी जातो. संचाचे पैसे माझ्यासाठी तरी इथेच वसूल झाले.

आता आवाजाचं. ध्वनिमुद्रण रूडी व्हॅन गेल्डरचं, आणि मोनो, म्हणजे डावा-उजवा भेद नसलेलं. एरवी हा गृहस्थ न्यू जर्सीत आई-वडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. या वेळी यंत्रं घेऊन तळघरात उतरला. मोनो म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा ऐकावं. तिघं एकामागे एक उभे असल्यासारखे वाटतात, पुढे-मागे अंतर कळतं. अ‍ॅम्पवर मोनोचं बटण असेल तर दाबा, धुळीची खरखर चांगलीच कमी होते. मला हे जूनमध्ये कळलं.

त्याआधीची माझी फजितीही सांगून टाकतो. बाजू संपत आली, सुई मधल्या लेबलजवळ गेली की सॅक्सोफोनचे वरचे स्वर फाटायचे. दोन आठवडे मी रेकॉर्डला शिव्या दिल्या. शेवटी मित्राकडून वजनाचा छोटा काटा आणून पाहिलं तर माझ्याच कार्ट्रिजचं, म्हणजे सुई बसवलेल्या भागाचं, रेकॉर्डवर पडणारं वजन कमी लावलेलं. ते १.८ ग्रॅमवर आणलं आणि फाटणं बंद. रेकॉर्डची मनातल्या मनात माफी मागितली.

पावसाळ्याची धास्ती होती. ठाण्यात जुलैत चपलांनाही बुरशी येते. कव्हर कपाटात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, तबकड्या वेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत, आणि ऊन पडेल त्या दिवशी सगळं बाहेर. कव्हरवर एकही डाग नाही.

सहा बाजू म्हणजे सारखं उठावं लागतं. कामं करता करता मागे लावून ठेवायची ही गोष्ट नव्हे. ज्याला जॅझची पहिलीच रेकॉर्ड घ्यायची आहे त्याने जुन्या सहा चिजांचीच एखादी साधी आवृत्ती बघावी. तिसरी तबकडी मीही महिन्यातून एकदाच काढतो.

माझं ऑफिस पवईत आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रोलिन्स भारतात आला होता आणि इथल्याच एका आश्रमात काही महिने राहिला होता. संध्याकाळी तलावाजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो की हटकून आठवतं. तेव्हा इथे किती शांत असेल!

परवा ‘सनीमून फॉर टू’ लावली होती. रोलिन्सचीच धून, बारा बारचा ब्लूज (एका बारात चार मात्रा), एकच घसरती ओळ तीनदा. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि गुडघ्यावर बोटं मोजायला लागले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा धून नेमकी परत आली तिथे त्यांची थाप पडली.

“अठ्ठेचाळीस मात्रा,” म्हणाले. “तरीच सम लवकर येत नव्हती. परत लाव.”