बंदूक नाही, एअर रायफल म्हणायचं : पोरीची रायफल घेऊन चिकलठाणा ते दिल्ली

आधी तारे सांगून टाकतो. पाचपैकी तीन. त्यातला एक पूर्ण तारा चिकलठाणा विमानतळाच्या काउंटरवरच्या पोरीचा आहे, विमान कंपनीचा नाही; पण तिच्यासाठी वेगळा रकाना नाही म्हणून कंपनीच्या खात्यावर टाकलाय. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्याकडून दिल्लीला जाणारी विमानं मोजकीच, आणि पुढच्या वेळी परत त्यांच्याच दारात उभं राहायचंय.

मी अंबाजोगाईचा. कृषी सेवा केंद्र आहे. बियाण्याचा, खताचा, कीटकनाशकाचा असे तीन परवाने दुकानाच्या भिंतीवर काचेत लावलेत, त्यामुळे कागदाला मी भीत नाही. मुलगी अकरावीला आहे, संभाजीनगरला मावशीकडं राहते आणि दहा मीटर एअर रायफल खेळते. रायफल जर्मन बनावटीची, जुनी, पुण्याच्या एका खेळाडूकडून घेतलेली. जुनी म्हणजे स्वस्त समजू नका, त्या पैशात ट्रॅक्टरची ट्रॉली आली असती. घरात हे वाक्य मी फार वेळा बोललोय, आता बंद केलंय.

स्पर्धा दिल्लीत होती, तुघलकाबादच्या डॉ. कर्णीसिंह रेंजवर. ही १९८२च्या एशियाडसाठी बांधलेली रेंज. दिवाळीला पोरगी घरी आली होती, रायफल सोबतच होती, म्हणून अंबाजोगाईहूनच गाडीनं निघालो. बीड, गेवराई करत सव्वादोनशे किलोमीटर. गेवराईजवळ चहाला थांबलो तेव्हा केस गाडीत सोडायची पोरीची तयारी नव्हती, ती टेबलाला टेकवून बसली. हॉटेलवाल्यानं चहा ठेवता ठेवता विचारलं, "कॅसिओ हाय का? कोन्त्या बँडपार्टीत हाव?" मी हो म्हणालो. सोपं पडलं.

विमानतळाच्या गेटवर मात्र मी खरं बोललो आणि तिथंच चुकलो. जवानानं विचारलं, "इसमें क्या है?" मी दुकानात गिऱ्हाइकाला हाक मारतो त्याच आवाजात सांगितलं, "बंदूक है." पुढची रांग वळली, मागची रांग सरकली. एका बाईनं लेकराला जवळ ओढलं. पोरीनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की दिल्लीपर्यंत वळ होता. "पप्पा, एअर रायफल म्हणायचं. स्पोर्ट्सची. डिक्लेअर करायची आहे म्हणायचं." जवान बिचारा शांत होता. त्यानं तिकीट बघितलं, माझं आधार बघितलं, पत्त्यावरचा जिल्हा वाचला आणि विचारलं, "बीड?" एवढंच. पुढं काही बोलला नाही, पण गेल्या काही महिन्यांत आमचा जिल्हा आणि बंदूक हा शब्द टीव्हीवर जेवढ्या वेळा एकत्र आलेत त्याचा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. मी म्हणालो, "जी, बीड. लडकी खेलती है." पोरगी पुढं झाली, गळ्यातलं स्पर्धेचं जुनं ओळखपत्र दाखवलं. त्यानं सोडलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दहा मीटरची स्पर्धेची एअर रायफल ४.५ मिमीची असते, छर्रा दाबलेल्या हवेवर सुटतो. आपल्याकडं २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणं २० ज्यूलच्या आतल्या अशा एअर रायफलीला परवाना लागत नाही. आमच्या रायफलीवर पंचकोनात इंग्रजी एफ कोरलेला आहे, त्याचा अर्थ ताकद साडेसात ज्यूलच्या आत. हा पंचकोन कुठं कोरलाय ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. आमच्या परतीचं विमान त्यानंच वाचवलं.

आता काउंटर. तिथली पोरगी पंचविशीची असेल. तिनं खरं सांगितलं, "काका, माझी रायफलची पहिलीच केस आहे, मी वाचून करते." मला हे फार आवडलं. माहीत नसताना माहीत असल्यासारखं करणारी माणसं मी रोज बघतो, बियाणं कंपन्यांचे प्रतिनिधी सगळे तसेच. तिनं फोन लावला, पानं उलटली, एक फॉर्म काढला. नाव, पत्ता, रायफलीचा नंबर, भरलेली नाही असं लिहून सही. मग सिक्युरिटीचा माणूस आला, त्याच्यासमोर केसची दोन्ही कुलपं उघडली. नळीतून आरपार भगव्या रंगाची प्लास्टिकची दोरी घातलेली असते, तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. रेंजवर ती सक्तीची आहे. दोन्हीकडून दोरी बाहेर दिसली म्हणजे नळी रिकामी. त्या माणसाला शूटिंगमधलं काही कळत नव्हतं, पण दोरी बघून त्याचे खांदे खाली आले.

आणि मग सिलिंडर.

रायफलीच्या नळीखाली हवेचा सिलिंडर असतो. पूर्ण भरला की २०० बार. गाडीच्या टायरमधल्या हवेच्या ऐंशी-नव्वद पट धरा. कोचनं निघताना बजावलं होतं, रिकामा करून न्या. मी म्हणालो, घरी सराव केलाय, आता कितीक उरली असेल. काटा ११०वर होता. काउंटरच्या पोरीनं पान वाचून सांगितलं, असा चालणार नाही, पूर्ण रिकामा पाहिजे. वेळ होता, आमचा जीव थाऱ्यावर नव्हता. हवा सोडायचा छोटा ॲडॅप्टर पोरीच्या किटमध्ये होता. आत सोडू नका म्हणाले, म्हणून सिक्युरिटीवाला, पोरगी आणि सिलिंडर असे तिघं दाराबाहेर गेले. फुस्स्स् असा जो आवाज सुरू झाला तो थांबायलाच तयार नाही. पार्किंगमधले टॅक्सीवाले उठून बघायला आले. पोरगी खाली मान घालून, लाल कान करून, मिनिटभर उभी. आत येऊन मला म्हणाली, "तुम्ही कोचचं ऐकत जा." तिकडं रेंजवर मोठ्या टाकीतून परत भरून मिळतो, रिकामा नेल्यानं काहीच नुकसान नाही. आणि हो, सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते. दहा वर्षं झाली की स्पर्धेत तो चालत नाही. ती तारीखही काउंटरच्या पोरीनं वाचली, शाबास.

वजनाचं गणित आधीच करून घ्या. माणशी १५ किलो. केस रायफलीसकट अकरा. शूटिंगचं जॅकेट, पँट, बूट, स्टँड हा दुसरा डाग. जॅकेट कडक कॅनव्हासचं, घडी होत नाही, ते बॅगेत माणूस बसल्यासारखं बसतं. छर्ऱ्यांचे डबे चार, एकेकात ५००, शिसं असल्यानं चार डबे म्हणजे किलोभर. आम्ही दोघं होतो म्हणून ३० किलोत निभावलं आणि कपड्यांना सात किलो उरले. पोरगी एकटी गेली असती तर वजनाचे पैसे वेगळे, शिवाय रायफलीचं हाताळणी शुल्क वेगळं. ते शुल्क तिकीट काढताना कुठंच ठळक दिसलं नाही, काउंटरवर कळलं. माझा पहिला तारा इथं कापला. युरियाच्या गोणीवर किंमत छापलेली असते, यांना काय झालं?

विमानाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दोन तासांत दिल्ली.

दिल्लीला पट्ट्यावर कपड्यांची बॅग आली, जॅकेटची आली, केस नाही. पट्टा फिरत राहिला, माणसं कमी होत गेली, मग पट्टा थांबला. पोरीच्या तोंडाकडं बघवेना. ज्या रायफलीवर चार वर्षं गाल टेकवलाय ती दुसरी कुठली देऊन भागत नाही. तिच्या गालाची पट्टी, खांद्याची पट्टी सगळं तिच्या मापानं बसवलेलं. मी कंपनीच्या टेबलावर गेलो, ते म्हणाले पट्ट्यावर बघा. मी म्हणालो पट्टा बंद झाला. ते म्हणाले थांबा. पाऊण तासानं हॉलच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस आमची केस धरून उभा दिसला, येणाऱ्या-जाणाऱ्याला टॅग विचारत होता. तो तिथं केव्हापासून उभा होता कुणास ठाऊक. शस्त्र पट्ट्यावर सोडत नाहीत, हातात देतात, ही पद्धत चांगलीच आहे. पण ते चिकलठाण्याला बसताना किंवा दिल्लीला उतरल्यावर एका वाक्यात सांगायला काय हरकत होती? दुसरा तारा इथं गेला.

रेंजवर पहिल्या सरावात झिरो हललेला निघाला. म्हणजे नेम बरोबर, छर्रा डावीकडं. दहा मीटरच्या निशाण्यात मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथं केस नुसती आपटली तरी पुरतं. मागची साइट, म्हणजे ज्यातून बघून नेम धरतात तो भाग, तिनं क्लिक मोजून परत बसवली, सरावाचा तो सगळा वेळ त्यातच गेला. आता आम्ही ती साइट काढून टॉवेलात गुंडाळतो आणि केसमध्येच वेगळ्या खणात ठेवतो. हातातल्या बॅगेत घेऊ नका. शस्त्राचा सुटा भागसुद्धा केबिनमध्ये चालत नाही, हे पोरीच्या मैत्रिणीला तपासणीच्या रांगेत कळलं होतं.

परतताना दिल्लीला त्याच कंपनीच्या काउंटरवरचा मुलगा अगदी वेगळ्या जातीचा. "लायसन्स दिखाइए." मी म्हणालो, "साहब, इसको लायसन लगता नहीं." "गन है तो लायसन्स लगेगा." पोरगी हिंदीत माझ्यापेक्षा बरी, तिनं समजावलं. तो ऐकेना. दुकानात बनावट बियाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्याशी मी जेवढा शांत असतो तेवढाच शांत राहिलो, मग फाइल काढली. रायफलीचं बिल, त्यावर नंबर. राज्य संघटनेचं पत्र, त्यावर तोच नंबर. स्पर्धेचं प्रवेशपत्र. नियमाची छापील प्रत, त्या ओळीवर पिवळा मार्कर. शेवटी केस उघडून पंचकोनातला एफ. तो वरिष्ठाला बोलवायला गेला, वरिष्ठ आला, पंचकोन बघितला आणि दोन मिनिटांत सही केली. विमान सुटायला ५० मिनिटं उरली होती. तरी त्या मुलाचा तारा मी कापत नाही. त्याला कंपनीनं शिकवलेलं नाही, आणि दिवसभरात त्याच्यासमोर येणाऱ्या बहुतेक बंदुकांना परवाना लागतच असेल.

खऱ्या बंदुकीचं प्रकरण वेगळं आहे, तेही थोडं सांगतो, कारण पोरगी आता पन्नास मीटरचं नाव काढायला लागलीय. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, तेव्हापासून घरात तोच विषय. तिच्या रेंजवरचा एक मोठा पोरगा .२२ खेळतो, म्हणजे पन्नास मीटरला लागणारी काडतुसाची रायफल. त्याच्याजवळ परवान्याची मूळ प्रत असते, झेरॉक्स नाही, आणि परवान्यावरचं क्षेत्र राज्यापुरतं नसून पूर्ण भारताचं आहे हे तो तिकीट काढायच्या आधी बघतो. बोल्ट काढून वेगळा. काडतुसं ५०-५०च्या मूळ डब्यांतच, वजन पाच किलोच्या आत. आणि निघायच्या आदल्या रात्री तो हातातली बॅग गादीवर उलटी करून झटकतो, प्रत्येक खिसा बाहेर काढतो. एखादी गोळी चेनच्या कोपऱ्यात राहिली आणि एक्स-रेत दिसली की शस्त्र कायद्याखाली गुन्हा. मुद्दाम नेली नव्हती हे मग कोर्टात सांगत बसायचं. आमच्याकडं छर्रेच असतात, तरी मी पोरीची बॅग तशीच झटकायला लागलोय. मागच्या वेळी त्यातून एक छर्रा, तीन शेंगदाणे आणि मावशीनं दिलेली शंभराची नोट निघाली.

रेल्वेनं का नाही, असं माझे मेहुणे विचारतात. केलंय. परभणीहून सचखंड एक्सप्रेस, केस बर्थखाली, त्यावर पाय ठेवून झोप. वाटेत स्टेशनांवर लंगरचं गरम जेवण, ते कुठल्याही विमानात मिळायचं नाही. केस कुणी उघडायला लावली नाही, कुणी काही विचारलं नाही. पण दिल्ली दुसऱ्या दिवशी येते, आणि पोरगी उतरली तेव्हा तिची पाठ लाकडासारखी झालेली. स्पर्धेत ६० छर्रे, ७५ मिनिटं, तेवढा वेळ हालचाल न करता उभं राहायचं असतं. म्हणून दिल्लीला विमानच. तीन तारे असले तरी.

यंदा स्पर्धा भोपाळला आहे. तिथं सचखंड थांबते आणि अंतरही निम्म्यावर येतं. परभणीहून दोन तिकिटं काढलीत, दोन्ही खालच्या बर्थ. सिलिंडर मात्र पोरीनं आताच रिकामा करून ठेवलाय.